"लाटणं घेऊन या" म्हणाल्या: सिडकोतल्या फिजिओथेरपी क्लिनिकचा माझा अनुभव

मी नाशिकला सिडकोत राहते, पोळी-भाजीचं घरगुती केंद्र चालवते, 11 वर्षं झाली. रोजच्या दीडशेच्या आसपास पोळ्या जातात, मदतीला एक ताई आहेत पण कणीक आणि लाटणं माझ्याच हातात. हे आधी सांगते कारण उजवं मनगट मोडणं म्हणजे माझ्या घरात काय झालं असेल ते त्याशिवाय कळणार नाही. चोपन्नावं चालू आहे. या क्लिनिकमध्ये मी चार-साडेचार महिने गेले, आणि दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते, मोठं होईल.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी भगर आणि साबुदाणा घेऊन येत होते, बिल्डिंगच्या जिन्यात पावसाचं पाणी आलेलं, पाय सटकला आणि पडताना हात टेकला. तळहात खाली आणि सगळा भार मनगटावर. उठून बसले तर हात माझा वाटेचना, बाजूने बघितलं की जेवायच्या काट्याला जसा बाक असतो तसं मनगट वर येऊन पुन्हा खाली गेलेलं. नंतर या क्लिनिकच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की डॉक्टर लोकं त्याला काट्यासारखंच म्हणतात, याला कोलीज फ्रॅक्चर म्हणतात, डब्लिनच्या अब्राहम कोलीज नावाच्या सर्जनने 1814 साली लिहून ठेवलंय, आणि एक्स-रेचा शोध लागला 1895 ला, म्हणजे त्या माणसाने नुसतं हाताने चाचपून आणि बघून ओळखलं. मला याचं फार आश्चर्य वाटलं होतं.

तर हॉस्पिटलमध्ये भूल देऊन हाड बसवलं, प्लास्टर घातलं, 6 आठवडे. हाड छान बसवलं होतं त्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्या 6 आठवड्यांत बोटं हलवा, खांदा वर-खाली करा असं मला कोणी सांगितलंच नाही, मी आपली हात गळ्यात अडकवून शहाण्यासारखी बसून राहिले, हलवलं तर हाड सरकेल या भीतीने. प्लास्टर काढलं तेव्हा हात वाळलेल्या फांदीसारखा, कातडी सुटलेली, मूठ मिटेना, बोटांची टोकं तळहातापासून चांगली 3 सेंटीमीटर लांब, आणि खांदाही आखडलेला, वेणी घालायला हात मागे जाईना. शेजारचे हाडवैद्याकडे चोळून घ्या म्हणत होते, मुलाने साफ नाही सांगितलं ते बरं झालं.

मग घराजवळच्या एका ठिकाणी गेले, नाव घेत नाही, फिजिओथेरपीच म्हणायचे तेही. 15 दिवसांचं पॅकेज, रोजचे 300. मेणाचं गरम बाथ, मग ते मुंग्या येणारं मशीन, मग जेल लावून फिरवायचं दुसरं मशीन, चाळीस मिनिटं पडून राहायचं आणि घरी यायचं. शेकलं की तासभर बरं वाटायचं हे खरं, खोटं कशाला बोलू, पण 15 दिवसांत हात एकदाही कोणी मोजला नाही आणि मला स्वतःला काय करायचं ते कोणी शिकवलं नाही. त्यातच गणपती आले. आरती झाल्यावर सगळ्यांनी तीर्थ घेतलं आणि माझा तळहात वर होईचना, कोपर अंगापासून लांब करून, खांदा वाकडा करून बघितला तरी पाणी सगळं सांडलं. डाव्या हाताने कसं घेणार. मी आत जाऊन रडले त्या दिवशी. कारण तोपर्यंत मला वाटत होतं की दुखतंय म्हणजे बरं होतंय.

अनंत चतुर्दशी झाल्यावर माझ्या एका गिऱ्हाईक बाईंनी, त्यांच्या मिस्टरांचा गुडघा इथेच चालता झाला होता, या क्लिनिकचा पत्ता दिला. पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या, एका खोलीत दोन टेबलं आणि दुसरी नुसती मोकळी, भिंतीला रंगीत रबरी पट्टे टांगलेले, कोपऱ्यात सायकल, पायऱ्यांचा लाकडी ठोकळा, वजनकाटा. मशीन आहे एक, झाकून ठेवलेलं. मला आधी वाटलं इथे काहीच नाही की काय.

पहिल्या दिवशी मॅडमनी पाऊण तास घेतला. मॅडम म्हणजे तिशीतली मुलगी, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी आणि मग एमपीटी म्हणजे त्याच्या पुढची पदव्युत्तर पदवी केलेली, राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं आहे, हे तुम्ही कुठेही गेलात तरी आधी बघा असं त्या स्वतःच सांगतात. आधी शेवटचा एक्स-रे मागितला, हाड जुळलंय ना ते पाहिलं, मग कोनमापकासारखी प्लास्टिकची पट्टी काढली आणि दोन्ही हात मोजले. मनगट मागे वळणं डावं 70 अंश, उजवं 20. पुढे वाकणं डावं 75, उजवं 25. तळहात वर करणं, म्हणजे तीर्थाचं, डावं 85, उजवं 30. मग मुठीत दाबायचं एक यंत्र दिलं, डाव्या हाताने 21 किलो आणि उजव्याने 6. साधारणपणे ज्या हाताने कामं करतो तो थोडा जास्तच ताकदवान असतो, 10 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे माझा उजवा 23 पाहिजे. सगळं एका कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठवला. मला तो कागद बघून वाईट वाटायच्या ऐवजी धीर आला, कारण कुठे उभे आहोत ते पहिल्यांदा दिसलं.

मग त्यांनी विचारलं, "काकू, हाताने दिवसभरात काय काय करता?" मी सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या, कणीक मळणं, उंडे करणं, लाटणं, तव्यावरनं पोळी उचलणं, पातेलं उतरवणं, डबे भरणं. आणि शेवटी म्हणाल्या, "उद्या येताना लाटणं घेऊन या."

मला वाटलं इतक्यात लाटायला लावतात की काय. तसं नव्हतं. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात ठेवायचं, लाटणं एका टोकाजवळ उभं धरायचं आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला कलतं होऊ द्यायचं, लाटण्याच्या स्वतःच्या वजनाने तळहात वर वळत जातो, 30 सेकंद धरायचं, परत यायचं. सुरुवातीला लाटणं मध्यावर धरलं होतं, मग जसं जमेल तसं टोकाकडे सरकायचं, जितकं लांब टोक तितका ओढ जास्त. कोपर का चिकटवायचं तर नाहीतर आपण खांद्यातनं फसवतो, आरतीच्या वेळी मी तेच करत होते. ज्या वस्तूला मी 2 महिने बघू शकत नव्हते तीच हातात दिली आणि तिच्यानेच हात वळायला लागला, हे मी विसरणार नाही.

दुसरी एक गोष्ट त्यांनी पकडली जी मला आयुष्यात कळली नसती. मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवून वर उचला म्हणाल्या, मी उचललं, त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही मनगट उचलत नाहीये, बोटं ताणताय." खरंच बोटं सगळी ताठ. मनगट उचलायचे स्नायू वेगळे आणि बोटं सरळ करायचे वेगळे, प्लास्टरमध्ये राहून मनगटाचे झोपतात आणि मग बोटांचे त्यांचं काम उरकून टाकतात. त्यांनी मुठीत पेन धरायला दिलं, आता पेन न सोडता उचला. आणि मनगट हललंच नाही! तसूभर. दहा वेळा प्रयत्न केला तेव्हा थोडंसं उचललं गेलं. पुढचे चार दिवस मी तेवढंच केलं, टीव्हीसमोर, देवासमोर, भाजी शिजत असताना, पेन मुठीत.

घरचा व्यायाम एका वेळी दहा मिनिटांच्या वर नव्हता पण दिवसात 5-6 वेळा. आधी कोमट पाण्यात हात बुडवून आतल्या आत बोटं हलवायची, मग पंजा सरळ, मग बोटांचा हुक, मग पूर्ण मूठ, असं 10 वेळा, म्हणजे बोटं ओढणाऱ्या आतल्या दोऱ्या जिथे चिकटल्यात तिथे सरकायला लागतात. मग नमस्कार करून हात छातीकडून कमरेकडे उतरवायचे, तळहात सुटू न देता. खांद्यासाठी भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि पेन्सिलने खूण करून ठेवायची, आमच्या बेडरूमच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. एका वेळी तासभर करून टाकू का असं मी विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या, आणि मला ते लगेच पटलं कारण वाळलेली कणीक एका दणक्यात मऊ होत नाही, पाण्याचा हात लावून लावून मळावी लागते.

दुखण्याचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. शून्य ते दहात तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, व्यायाम थांबवल्यावर ते उतरलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. हा नियम मी नवरात्रात मोडला. बरं वाटत होतं म्हणून तांब्याची भांडी घासली, गोधड्या पिळल्या, आणि दुसऱ्या दिवशी मनगट टम्म. मला वाटलं हाड परत गेलं. घाबरून फोन केला, मॅडमनी ताबडतोब बोलावलं, तपासलं, आणि व्यायाम बंद नाही करायला लावला, दोन दिवस निम्मा केला, रात्री हात उशीवर उंच ठेवायला सांगितला. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. ओरडल्या नाहीत अजिबात, फक्त पिळणं कधी सुरू करायचं ते कागदावर लिहून दिलं, ते नोव्हेंबरमध्ये होतं.

ताकदीचं काम सुरू झालं तेव्हा तर मी त्यांना मनापासून मानलं. हाताच्या व्यायामासाठी रंगीत लगदा मिळतो, थेरपी पुट्टी म्हणतात, रंगाप्रमाणे कमी-जास्त कडक, त्यांच्याकडे होता पण म्हणाल्या तुम्हाला विकत घ्यायची काय गरज, कणीक आहे की. आठवडाभर पुरणपोळीची सैल कणीक, मग आपली पोळीची, मग पुरीची घट्ट. मुठीत दाबायची, बोटांनी चिमटे घ्यायचे, अंगठ्याने खड्डे करायचे. पाण्याची बाटली वजन म्हणून, आधी पाव लिटर, मग अर्धा, मग लिटरची, लिटर म्हणजे साधारण किलो. आणि तो वजनकाटा! मळताना तळहातावर अंगाचा भार येतो, त्याची भीती माझ्या मनात बसली होती, पडले तेव्हाचाच तो भार ना. त्यांनी काटा टेबलावर ठेवला, तळहात त्यावर टेकवायला लावला आणि आकडा बघत दाबा म्हणाल्या. पहिल्या वेळी 4 किलोला मी हात काढून घेतला. मग 6, 9, 12, दर वेळी थोडं. 20 चा आकडा आला तो दिवस दिवाळीनंतरचा, मी घरी आल्या आल्या मुलाला सांगितलं.

त्यांनी मला माझा ओट्यावर लाटतानाचा व्हिडिओ मागवला होता. बघून म्हणाल्या ओटा तुमच्यासाठी उंच आहे, उजवा खांदा उचलून लाटताय, सगळा जोर मनगटाने लावताय. ओट्यासमोर लाकडी पाट टाकून उभं राहायला सांगितलं, 4 इंचाचा, म्हणजे वरून अंगाचा भार येतो. 11 वर्षं लाटतेय, मला हे कधी सुचलं नाही. आणि दहा पोळ्या झाल्या की दोन मिनिटं हात खाली सोडायचे.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी बायकांनी नक्की वाचावी. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांनी विचारलं की पाळी जाऊन किती वर्षं झाली आणि हाडांची तपासणी केलीय का. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं तर हाडं पातळ होत असल्याची ती पहिली सूचना असू शकते, त्यामुळे ऑर्थोपेडिक डॉक्टरांना डेक्सा स्कॅनबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीबद्दल, विचाराच असं म्हणाल्या. केला. माझा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती भक्कम त्याचा आकडा, आला उणे 2.1. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे असला की हाडं विरळ व्हायला लागलीत, आणि उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. औषधं डॉक्टरांनी दिली, पण तोल सुधारायचं काम इथे झालं. ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, मग बोट टेकवून, मग न धरता. सुरुवातीला डाव्या पायावर 6 सेकंद टिकायचे, आता 25-30 जातात. खुर्चीतनं हात न टेकता उठणं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालणं. मनगटाला आले होते पण मी पुन्हा पडू नये याचाही विचार त्यांनी केला.

खर्चाचं सांगते. पहिली व्हिजिट 600, पुढच्या 400. आधी आठवड्यातनं दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी, एकूण 14 वेळा गेले, 5800 रुपये झाले. आधीच्या ठिकाणी 15 दिवसांत 4500 गेले होते. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही त्यामुळे सगळे खिशातनंच, आणि तेव्हा केंद्र बंद होतं, म्हणून मला हिशोब लख्ख आठवतो. इथे पॅकेज घ्यायला लावत नाहीत. उलट दोनदा मीच येऊ का विचारलं तर "घरी चाललंय ना व्यवस्थित, मग पुढच्या आठवड्यात या" म्हणाल्या.

आता कमी काय. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि चढा. मनगटवाल्यांचं चालून जातं पण गुडघ्याच्या ऑपरेशनवाले आजोबा एकेक पायरी बसत चढताना मी बघितलेत, फिजिओथेरपीच्या जागेला हे शोभत नाही, तळमजल्यावर जागा बघावी अशी माझी मनापासून विनंती आहे. संध्याकाळी 6 नंतर गर्दी असते, अपॉइंटमेंट घेऊनही दोनदा अर्धा-पाऊण तास थांबले, आणि त्या वेळेत मॅडमचं लक्ष तिघा-चौघांत वाटलं जातं, तेव्हा असिस्टंट मुलगी व्यायाम करून घेते, ती चांगली आहे पण पेनसारख्या बारीक गोष्टी तिच्या लक्षात येत नाहीत. व्यायामाचे छापील कागद इंग्रजीत आहेत, मला सुनेने मराठीत लिहून दिले. मी मॅडमना सांगितलंय की निम्मे पेशंट माझ्यासारखे आहेत, मराठीत छापा, त्या हो म्हणाल्यात, अजून झालेलं नाही. पार्किंगचं विचारूच नका.

आणि ज्यांना वाटतं आपण पडून राहावं आणि समोरच्याने बरं करावं त्यांना इथे आवडणार नाही. माझ्याबरोबर एक गृहस्थ यायचे, घोटा मुरगळलेला, दर वेळी मशीन लावा म्हणायचे, घरी काही करायचे नाहीत, पाच वेळा आले आणि बंद झाले. मॅडम दर वेळी विचारतात, किती वेळा केलं, कधी केलं, आणि मोजतात, त्यामुळे खोटं चालत नाही, आकडा सांगतोच.

माझे आकडे आता असे आहेत, चार महिन्यांनी मोजलेले. मनगट मागे 62, पुढे 60, तळहात वर 80, मूठ 17 किलो. पुढे वाकायचं शेवटचं थोडं राहिलंय आणि ते पूर्ण येईलच असं त्यांनी आश्वासन दिलेलं नाही, वर्षभर हळूहळू सुधारत राहतं म्हणाल्या, करत राहा. थंडीत सकाळी हात जरा जड वाटतो. डिसेंबरात घरच्यापुरत्या 20 पोळ्यांपासून सुरुवात केली, संक्रांतीला 60 वर आले, त्यात गुळाच्या पण होत्या, आणि फेब्रुवारी संपता संपता माझं केंद्र पूर्ण चालू झालं. माघी गणेश जयंतीला तीर्थ घेतलं, उजव्या हातात, थेंब सांडला नाही.

जायचं असेल तर सकाळी 10 ते 12 मधे जा, तेव्हा निवांत असतं. फोन करूनच जा, आणि शेवटचा एक्स-रे, डिस्चार्जचा कागद न्यायला विसरू नका, त्याशिवाय त्या हातच लावत नाहीत. आणि तुमच्या रोजच्या कामाची जी वस्तू असेल, शिवणाची कात्री असो की स्कूटरची किल्ली, ती पिशवीत टाकून न्या, त्या मागणारच आहेत.